गाव शेळगाव, राहायला चाकण

रविवारच्या सभेत उत्कर्षाने पिवळा हात वर केला, तेव्हा तिला वाटलं होतं की आणखी पाच-सहा तरी हात वर येतील. एकही आला नाही. स्क्रीनवरच्या दोनशे चौकोनांत दोनशे माणसं आपापल्या भिंतीला टेकून बसलेली, आणि हात तेवढा शेळगावचा.

"वा! बारामती-इंदापूर विभागाच्या जोडणीप्रमुख, कुमारी उत्कर्षा!" माधव सर नाशिकहून म्हणाले. "वय किती बाळ तुझं?"

"पंधरा पूर्ण, सर. नववीत आहे."

"अहो, नववीतली मुलगी पुढं येते, आणि तुम्ही मोठी माणसं काय करताय?" सर बाकीच्यांना म्हणाले. बाकीची माणसं म्यूटवर होती, त्यामुळे ती जे करत होती तेच करत राहिली.

'फुंकर' हे माउथ ऑर्गन वाजवणाऱ्यांचं ऑनलाइन मंडळ. सभासद सहाशे चाळीस. दर रविवारी अकरा ते बारा सभा. एकाने वाजवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. एकत्र वाजवायचं म्हटलं की संपलं. प्रत्येकाचा आवाज आपापल्या सवडीने पोचतो. एक जानेवारीला सरांनी हौसेने सगळ्यांचे माइक एकदम चालू केले होते, तर एकाच लग्नाला चाळीस ट्रॅक्टर हॉर्न वाजवत आल्यासारखं झालं. उत्कर्षाच्या आईने चुलीपुढून ओरडून विचारलं होतं, "कोण मेलं का काय गं?"

म्हणून सरांनी ही योजना काढली. महाराष्ट्राचे विभाग पाडायचे, आणि एका विभागातल्या सभासदांनी एकमेकांना गाठून, एका खोलीत बसून, एकत्र वाजवायचं. मार्चच्या शेवटच्या रविवारी प्रत्येक विभागाने निदान दोन माणसं एका खोलीतून, थेट सभेत वाजवून दाखवायची. ज्या विभागाला हे जमणार नाही, तो शेजारच्या मोठ्या विभागात विलीन. बारामती-इंदापूरच्या शेजारी पुणे. पुणेकर भेटतात कोथरूडला. आणि उत्कर्षाची आई तिला एकटीला भिगवणलासुद्धा पाठवत नाही. म्हणजे विलीन झालं की तिचं एकत्र वाजवणं कायमचं बुडालं.

आणि एकत्र वाजवणं हेच तर तिला हवं होतं! गेल्या दिवाळीपर्यंत ही पोरगी वर्गात 'हजर' म्हणायलासुद्धा लाजायची. जानेवारीत स्नेहसंमेलनात लेझमीची चाल माउथ ऑर्गनवर वाजवली, अकराशे पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि तेव्हापासून तिचा हात जो वर गेला तो खालीच येईना. पाण्याच्या टाकीत पडलेली पाल कोण काढणार, असं शिपाईमामांनी विचारलं, तरी हिचा हात वर. पण एकटीने लेझीम वाजवायची म्हणजे एका माणसाने फुगडी घालायची. एक जण चाल धरतो, दुसरा ठेका धरतो, तेव्हा कुठं लेझीम होते. हा दुसरा माणूस तिला अजून आयुष्यात भेटला नव्हता.

संध्याकाळी सरांनी विभागाची यादी पाठवली. क्रमांक, नाव, मोबाइल, गाव. एकूण एकोणीस नावं! पळसदेव चार, कऱ्हाटी तीन, इंदापूर पाच, बारामती पाच, आणि शेळगाव दोन.

शेळगाव दोन? एक ती. मग दुसरं?

"जोतीराम! आई, आपल्या गावात जोतीराम नावाचा माणूस माउथ ऑर्गन वाजवतो!"

"वाजवत आसंल," आई पीठ मळता मळता म्हणाली. "मला तर कुठं ऐकू आला न्हाय."

"आवाज लांब जात नसतो, आई."

"तुझा तर पार कॅनॉलपतुर जातोय," धाकटी छकुली म्हणाली. तिला एक धपाटा बसला.

उत्कर्षाने ड्रॉइंगच्या कागदामागे दोन तालुक्यांचा नकाशा काढला. पळसदेवच्या चौघांचा एक गट, कऱ्हाटीच्या तिघांचा एक, मधून एक बाण, एसटीच्या वेळा, सगळं. एकोणीस माणसं! ती झोपेतसुद्धा मोजत असेल. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या तिने पहिला फोन जोतीरामला लावला.

"नमस्कार, मी उत्कर्षा, फुंकर मंडळ, बारामती-इंदापूर विभाग. दादा, तुम्ही शेळगावचे ना?"

"व्हय! शेळगावचाच!" पलीकडून असा आनंद उसळला की उत्कर्षाला वाटलं, जिंकलो. "तू कुणाची गं?"

"कॅनॉलच्या अलीकडच्या वस्तीवरची. दादा, मी आत्ताच येऊ का तुमच्याकडे? दहा मिनिटांत पोचते."

"आत्ता? आगं मी कंपनीत हाय. चाकणला."

"संध्याकाळी येता का परत?"

"परत म्हंजे? ऱ्हायालाच चाकणला हाय. नऊ वरसं झाली."

"मग यादीत गाव शेळगाव का लिहिलंय?"

जोतीराम जरा दुखावल्यासारखा बोलला, "गाव शेळगावच की. मग काय चाकण लिहू?"

तिलाही कुणी असंच विचारलं असतं तर तिनेही हेच उत्तर दिलं असतं, हे तिला कळत होतं. म्हणून तर जास्त राग येत होता.

"बरं झालं फोन केलास," जोतीराम म्हणाला. "माझं एक काम कर. मारुतीच्या देवळामागं आमचं रान हाय. आमच्या चुलत्यानं, गेणबानं, तारंचं कुंपान आमच्याकडं सरकवलंय म्हन्त्यात. जरा बगून ये. फोटू काढ. तू येवढं कर, मी पुढच्या रविवारी गाडी काढून येतो बग वाजवायला."

पळसदेवला लावला. यशराज. राहायला पिंपरीला. "धरणाचं पाणी उतरलंय का? जुनं देऊळ दिसायला लागलं असेल ना? ताई, एक फोटो पाठवा की. फार आठवण येते." कऱ्हाटीला लावला. माऊली. माऊली फौजेत, जम्मूला. "जूनमदी सुट्टी हाय. जूनमदी वाजवू की! तवर आमच्या आईला येवढं सांगा, फोन चार्जिंगला लावत जा म्हनावं." इंदापूरची एक बाई मस्कतला. बारामतीचे दोघं हिंजवडीला, तेही एकाच कंपनीत, वेगवेगळ्या मजल्यांवर. त्यांना उत्कर्षाने एकमेकांचे नंबर दिले. म्हणजे जोडणी झाली, पण ती पुणे विभागात!

तीन दिवसांत पंधरा फोन. पंधराच्या पंधरा बाहेर. बाकी तिघांचे नंबर बंद. आणि गंमत म्हणजे एकानेही 'मी लांब आहे' असं म्हटलं नाही. सगळे म्हणायचे, "हितलाच की मी!" सगळे यात्रेला येणार होते. यात्रा चैत्रात. सभा मार्चच्या शेवटच्या रविवारी.

नकाशावर एकोणीस ठिपके होते, त्यातले पंधरा तिने लाल पेनाने असे खोडले की कागद फाटला.

पण जोतीरामने शब्द दिला होता. म्हणून गुरुवारी शाळेतून येऊन, घरचा मोबाइल घेऊन ती मारुतीच्या देवळामागे गेली. तारेचं कुंपण होतं खरं. सरकलं होतं की नाही, ते तिला काय कळणार? आधी कुठं होतं ते तिने पाहिलंच नव्हतं. तिने मोबाइल काढला, तोच उसातून एक आजोबा बाहेर आले.

"काय गं ए, कशाचं फोटू काढतीस?"

"काही नाही आबा. कुंपण..."

"कुंपान? कुनी धाडली तुला?"

उत्कर्षाला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण नवा नवा आत्मविश्वास असला की माणूस नको तिथं खरं बोलतो. "जोतीरामदादांनी. ते आमच्या विभागात आहेत."

"इभागात?" गेणबा आबांचा आवाज चढला. "भूमी अभिलेखात व्हय? आता पोरी धाडाय लागलं का मोजनीला? सांग त्याला, मोजनी आनायची तर सवता ये म्हनावं! चाकनात बसून काड्या घालतोय!"

"आबा, तो विभाग नाही. माउथ ऑर्गनचा विभाग."

"कसला आर्गन?"

तिने खिशातून बाजा काढून दाखवला. आबांनी तो उलटापालटा करून पाहिला, आणि परत देताना म्हणाले, "ह्यानं मोजत्यात?"

ती घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. आई दारातच उभी. "आगं तू बाजा वाजीवतीस का भाऊबंदकी पेटवतीस? गेणबाआबा येऊन गेलं. तुझ्या बापाला इचारत हुतं, पोरगी सरकारी नोकरीला कवा लागली म्हनून!"

"आई, मी काही केलेलं नाही!"

"फोटू काढला का न्हाय?"

"काढला."

"मग झालं तर."

जोतीरामला तिने फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं : 'सरकवलंच हाय. आता त्या गावात पाय ठेवायचा न्हाय.' आणि खाली हात जोडलेले. रविवारचं वाजवणं हे असं कुंपणावर अडकलं.

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. रागाने नव्हे, छकुलीने तिच्या वाटणीची कैरी खाल्ली म्हणून, असं तिने सांगितलं. पण रागच होता. कुणावर राग, हे मात्र सापडेना. माणसं खोटं बोलली नव्हती. 'गाव' विचारलं, त्यांनी गाव सांगितलं. आईला कुणी विचारलं तर आईसुद्धा 'गाव अकलूज' म्हणते, आणि इथं नांदायला येऊन अठरा वर्षं झाली तिला...

ती ताटावरून उठली आणि तशीच उभी राहिली.

आपली माणसं चाकणात बसून शेळगाव लिहितात. मग जी माणसं दुसरीकडून येऊन इथं, बारामतीत, इंदापुरात राहतायत, ती काय लिहीत असतील?

"अरे देवा!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की छकुलीने उरलेली कैरी मुकाट्याने परत ताटात ठेवली.

उष्ट्या हातानेच तिने माधव सरांना फोन लावला. सगळी सहाशे चाळीस नावं पाठवा, म्हणाली. सर शांतपणे म्हणाले, "एका विभागाची यादी दुसऱ्या विभागाला देता येत नाही, बाळ. नियम आहे."

"पण सर, आमच्या विभागातली माणसं दुसऱ्या यादीत आहेत."

"दुसऱ्या यादीत आहेत म्हणजे ती दुसऱ्या विभागातलीच ना?"

असं सरळ बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. फोन ठेवून तिने बाजा तोंडाला लावला आणि एकच सूर एवढा वेळ ओढला की मागच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

यादी मिळत नाही, मग सगळ्यांनाच विचारायचं. शुक्रवारी सकाळी, शाळेच्या गडबडीत, एक पाय बुटात आणि एक पाय बाहेर, अशी तिने मंडळाच्या मोठ्या ग्रुपवर सहाशे चाळीस जणांना प्रश्न टाकला : 'सर्व सभासदांनी कृपया कळवावे, काल रात्री आपण कुठे झोपला होतात?'

शाळेत मोबाइल चालत नाही. चार वाजता घरी येऊन पाहते तो दोनशे अकरा मेसेज. नव्वद जण हसत होते. एकाने लिहिलं होतं, 'बायकोने विचारायला सांगितलंय का?' आणि लातूर विभागाचे प्रमुख मानसिंग सर, निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी लांबलचक लिहिलं होतं, त्याचं सार एवढंच की असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला घरात कोणी वडीलधारं आहे की नाही.

वडीलधारं होतं. चुलीपुढं बसलं होतं आणि त्याला हे सगळं छकुलीने वाचून दाखवलं होतं.

"पोरीच्या जातीनं आसं इचारत्यात व्हय?" आई म्हणाली.

"मला फक्त माणूस कुठं राहतो ते कळायला पाहिजे होतं!" उत्कर्षाने दप्तर आपटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तेच तिला सहन होत नव्हतं. "गाव विचारलं तर जन्माचं सांगतात. पत्ता विचारला तर आधारवरचा सांगतात, तोही गावचाच. झोपलात कुठं विचारलं तर मीच वाईट! आता काय विचारू मी, सांग ना!"

आईने भाकरी उलटली. हसू दाबत असावी, कारण तोंड चुलीकडे होतं. "मानूस कुठं ऱ्हातं ते कळाया दळान इचारावं. गाव ईसरत न्हाय मानूस, पर दळान काय गावाला न्हेत न्हाय कुनी."

उत्कर्षाने आईकडे पाहिलं. मग मोबाइल उचलला. जुना प्रश्न काढून टाकला आणि नवा लिहिला : 'माफ करा. आपल्या घरचं दळण कोणत्या गावच्या गिरणीत दळतात?'

या प्रश्नावर कुणी हसलं नाही. उलट माणसं अशी भरभरून सांगायला लागली की बस! कोथरूडवाले म्हणाले, आम्ही पिशवीचं पीठ आणतो. मस्कतच्या बाईंनी तिथलं पीठ कसं चिकट होत नाही यावर सहा ओळी लिहिल्या. आणि त्या सगळ्या पिठातून वेचता वेचता उत्कर्षाच्या हाताला पाच खडे लागले. बारामती, बारामती, इंदापूर, बारामती, बारामती. नावांपुढे गावं होती नांदेड, परळी, चिपळूण, जत. आणि एक : 'इरा, गाव उदगीर. दळण बारामती, भिगवण रोड.'

चौघांनी फोन उचलला आणि चौघेही रविवारी जमणार नाही म्हणाले. एकाला कंपनीत शिफ्ट, एकीची परीक्षा, एक जण निघाला होता गावाला (म्हणजे परळीला!), आणि चौथ्याने बाजा कधीच विकला होता. पाचवी इरा.

"बोल की," ती म्हणाली. मागे म्हैस रेकत होती.

उत्कर्षाने सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे बाई आधी हसली, मग म्हणाली, "शेळगावला कुणाची तू? थांब थांब. कॅनॉलच्या अलीकडं, पत्र्याचा गोठा, तांबडी गाय? मागच्या महिन्यात वासरू आडवं आलं होतं?"

"तुम्ही... त्या डॉक्टर मॅडम?"

"आणि तू ती बादली धरलेली पोरगी. पाणी सगळं माझ्या बुटात सांडवलं होतंस!"

उत्कर्षाने वळून गोठ्याकडे पाहिलं. एका डेअरीची ही जनावरांची डॉक्टर, बारामतीत राहते, आठवड्यातून दोनदा शेळगावच्या रस्त्याने जाते. पाऊण तास दोघी एका गोठ्यात, एका गाईच्या दोन अंगांना उभ्या होत्या. आणि इकडे ही पंधरा जणांना पिंपरी-चाकणात शोधत बसली होती.

"मॅडम, तुमचा बाजा कुठल्या पट्टीचा?"

"पांढरी एक."

"माझापण! लेझमीचा ठेका धरता येईल?"

"धरते की. रविवारी माझी त्याच बाजूला फेरी आहे. साडेअकरापर्यंत येते." मग इराचा आवाज जरा बदलला. "पण एक सांगून ठेवते बाळा. यादीतलं माझं गाव खोडू नको. बारामतीत मी चार वर्षं दळण दळते, पण गाव उदगीरच राहू दे. तेवढंच तर राहिलंय."

"नाही खोडत," उत्कर्षा म्हणाली. मनात म्हणाली, खोडायला लाल पेनात शाई तरी कुठं राहिली आहे.

शनिवारी मानसिंग सरांनी मोठ्या ग्रुपवर टाकलं : 'बारामती विभागाकडून आमच्या सभासदांची पळवापळवी चालू आहे. इराताईंचे वडील माझे विद्यार्थी. लातूर विभाग हे खपवून घेणार नाही.' माधव सरांनी त्यावर 'सभेत पाहू' एवढंच लिहिलं. उत्कर्षाने उत्तर लिहिलं, पुसलं, लिहिलं, पुसलं. आई म्हणाली, "आता ते ठेव आन् गोठा झाड. डाक्टरीन येनार हाय."

रविवार उजाडला. अकराला सभा सुरू झाली. उत्कर्षाने मोबाइल कणगीला टेकवून ठेवला, दोन खुर्च्या मांडल्या. नागपूर विभागाचे सहा जण एका खोलीतून वाजवून गेले, कोल्हापूरचे चार. साडेअकरा झाले. एक खुर्ची रिकामी. पावणेबारा. फोन लावला, उचलला नाही. बारा वाजायला दहा मिनिटं कमी असताना सर म्हणाले, "बारामती-इंदापूर?"

"सर, दोन मिनिटं. दुसऱ्या सभासद रस्त्यात आहेत."

"सगळेच रस्त्यात असतात, बाळ. सातारा घेऊ का आधी?"

सातारा वाजवून संपलं. उत्कर्षाला आता रडायचं नव्हतं, कुणाला तरी चावायचं होतं. तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली आणि इरा धावतच आत आली. गमबूट तसेच, कोपरापर्यंत हात ओले, फिनेलचा वास. "निमगावला एक गाय अडली होती," तिने खिशातून बाजा काढला, ओढणीला पुसला. "चल, धर."

वाजवायला लागल्या. पहिली ओळ अशी बसली की उत्कर्षाच्या अंगावर काटा आला. खाली ठेका, वर चाल, खोली एकच, हवा एकच. दारात आई पदर तोंडाला लावून उभी, छकुली पायाने ताल धरत होती. दुसऱ्या ओळीला उत्कर्षाला एवढा आनंद झाला की ती पुढे पळाली. तिसऱ्या ओळीला इरा एकीकडे, ती एकीकडे. चौथीला कशाबशा एकत्र येऊन संपवलं.

टाळ्यांचे पिवळे हात उडाले. माधव सरांनी घसा साफ केला. "वादन चांगलं. मात्र यादी पाहता उत्कर्षा बारामती-इंदापूर आणि इराताई लातूर. म्हणजे हे आंतरविभागीय झालं. नियमात एकाच विभागातले दोन सभासद असं आहे."

"लातूर विभागाला निम्मं श्रेय मिळावं," मानसिंग सर म्हणाले.

"सर!" उत्कर्षा उभी राहिली, तशी स्क्रीनवर तिची फक्त मान दिसायला लागली. "सर, मॅडम उदगीरच्याच आहेत. माझे जोतीरामदादा शेळगावचेच आहेत. कुणाचं गाव कुणी काढून घेऊ नका. पण तुम्ही सांगितलं होतं, जवळची माणसं शोधा. मी जवळची शोधली! या बाई माझ्यापासून एका हाताच्या अंतरावर आहेत. त्यांचे बूट बघा, आमच्या तालुक्यातलं शेण आहे त्याला! तुमच्या यादीतली माणसं जवळ नाहीत सर, त्यांची नुसती नावं जवळ आहेत. आणि मला वाजवायला..."

"ताई," छकुली हळूच म्हणाली, "त्यांनी तुझा आवाज कवाच बंद केलाय."

खरंच होतं. माइकवर लाल रेघ. दोनशे माणसं तिच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहत होती. माधव सर म्हणत होते की मतदान घेऊ, आणि मतदान घेतलंही. एकशे चार विरुद्ध एकसष्ट. बारामती-इंदापूर पुण्यात विलीन. पुढचा विषय, वर्गणी.

उत्कर्षाने मोबाइल पालथा घातला. एवढी धावपळ, एवढे फोन, गेणबा आबांच्या शिव्या, आईचं बोलणं, आणि हाती काय, तर कोथरूड.

"मॅडम, विभाग गेला आपला."

इरा पाण्याचा तांब्या घटाघटा पीत होती. तिने तो खाली ठेवला, तोंड पुसलं. "जाऊ दे. आधी मला सांग, दुसऱ्या ओळीला तुझ्यामागं कुत्रं लागलं होतं का?"

"काय?"

"पळालीस की तू. मी ठेका धरून बसले आणि तू पार पुढच्या स्टॉपला."

उत्कर्षाचे कान तापले. वर्षभरात तिला असं कुणी म्हणालं नव्हतं. सभेत चुकलं की सगळे नेटला दोष द्यायचे, तीही द्यायची. "मी पळाले नाही. तुम्ही हळू वाजवत होतात."

"मी हळू? बया! लेझीम आहे ती, मळणीयंत्र नव्हं!"

"आमच्याकडे असंच वाजवतात."

"मग आमच्या उदगीरला ये, दाखवते कसं वाजवतात ते!" इराने खुर्ची पुढे ओढली. तिचा फोन खणखणत होता, कऱ्हाटीहून कुणाची तरी म्हैस. तिने तो आईच्या हातात दिला. "वहिनी, दहा मिनिटांत निघते म्हणून सांगा." मग उत्कर्षाकडे वळली. "पहिल्यापासून. मी पाय आपटते. तू माझ्या पायाकडं बघ, आणि त्याच्या पुढं एक पाऊल टाकू नको."

गमबूट जमिनीवर पडायला लागला. धप्प. धप्प. धप्प. सुकलेल्या शेणाचे तुकडे नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर उडत होते. उत्कर्षाने बाजा ओठांना लावला, पायाकडे पाहिलं, आणि परत खाली घेतला.

"मॅडम, तुमचा पायच हळू पडतोय."